न दिसणाऱ्या साठ्याचे गणित

गणित म्हणजे स्पर्धा परीक्षेत गुण मिळवून देणारा विषय, ही समजूत आपल्या समाजात खोल रुजली आहे. ज्यांच्या पूर्वजांना शाळेचे दारच बंद होते, त्यांनी शिक्षणाकडे प्रथम उपजीविकेचे साधन म्हणून पाहावे, हे स्वाभाविकच होय. तथापि गणिताचे याहून मोठे कार्य विद्यार्थ्यांना शालेय वयातच दिसावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मासेमारीचेच उदाहरण घेऊ. समजा, एका जलाशयात जास्तीत जास्त १००० टन मासे जगू शकतात. साठा पूर्ण भरला की वाढीस वाव उरत नाही. फार घटला की प्रजननक्षम मासेच थोडे उरतात. वाढ सर्वाधिक होते ती साठा निम्मा असताना. ती वर्षाला १०० टन असेल, तर तेवढे मासे दरवर्षी काढूनही साठा टिकतो. मात्र साठा २०० टनांवर आला की त्याच नियमाने वाढ ६४ टनच होते. तेव्हाही १०० टनांचा हट्ट धरला, तर चौथ्या वर्षी तेवढे मासे मिळणारच नाहीत. शेफर यांनी १९५४ मध्ये मासेमारीसाठी मांडलेले हे गणित दहावीच्या वर्गसमीकरणापलीकडचे नाही.

पण सूत्र बरोबर असून भागत नाही. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याजवळ कॉड मासे घटत असताना उरलेले थवे एकवटले. यांत्रिक बोटींना ते सापडत राहिले, आणि त्या बोटींच्या भरघोस पकडीवरून शास्त्रज्ञांनी साठा मुबलक असल्याचे अनुमान काढले. किनाऱ्यालगतचे लहान मच्छीमार मात्र मासे कमी झाल्याचे सांगत होते. जुलै १९९२ मध्ये बंदी आली, सुमारे ३०,००० लोकांचा रोजगार गेला. ती बंदी उठण्यास २०२४ उजाडले. कालाम सुत्तातील परंपरेवर विसंबू नका हा उपदेश आपण नेहमी सांगतो. केवळ तर्कास पटते म्हणूनही स्वीकारू नका, हा त्याच सुत्तातील इशारा क्वचितच आठवतो.

महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. २०२३ मध्ये शासनाने ५४ प्रजातींची किमान लांबी निश्चित केली. एकदाही अंडी न घातलेला मासा जाळ्यात जाऊ नये, हा त्यामागील हिशेब. माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती एवढीच, की दहावीच्या मुलांना मोजपट्टी देऊन मासळी बाजारात न्यावे, पापलेटच्या लांबीचा आलेख काढून घ्यावा, आणि तो तेथील कोळी भगिनींना दाखवून त्यांचे म्हणणेही वहीत उतरवून घ्यावे.