मालक बदलला, भाडेकरू तोच

चेन्नईच्या झोहो कंपनीने २०२१ साली काढलेले ‘अरट्टै’ हे निरोपाचे अ‍ॅप २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात एकाएकी देशभर गाजले. अरट्टै म्हणजे तमिळमध्ये गप्पा. स्वदेशीचा पुकारा झाला, केंद्रीय मंत्र्यांनी शिफारस केली आणि लाखो लोकांनी ते फोनवर उतरवून घेतले. साहजिकच प्रश्न निघतो : युनियनचे व्हॉट्सअ‍ॅपवरील गट आता तिकडे न्यावेत काय?

आमच्या मते हा प्रश्न अपुरा आहे. घरमालक बदलला म्हणून भाडेकरूचे घर त्याच्या मालकीचे होत नाही. आज संपाची हाक, सभेची वेळ, बडतर्फ साथीची बातमी हे सारे व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांतून जाते. ही सेवा २०१४ पासून फेसबुकच्या, म्हणजे आजच्या मेटा कंपनीच्या मालकीची आहे. गट बंद झाला किंवा नियम बदलले तर दाद मागायची कोठे? बाहेर पडावे म्हटले तर शेकडो सभासदांना एकाच वेळी हलवावे लागते. ही अडचण हेच कंपनीचे खरे भांडवल आहे.

टेलिफोनचे असे नाही. बीएसएनएलच्या फोनवरून खासगी कंपनीच्या फोनवर बोलता येते. २०११ पासून तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलता येते. ई-मेलही कोणाकडून कोणालाही जाते. मग निरोपाच्या अ‍ॅपनाच भिंती का? तांत्रिक अडचण हे त्याचे कारण नव्हे. स्वतंत्र सर्व्हरनी एकमेकांशी बोलावे यासाठी ‘अ‍ॅक्टिव्हिटीपब’ हा खुला नियम २०१८ साली आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्य झाला. ‘मॅस्टोडॉन’वरील हजारो स्वतंत्र सर्व्हर त्याच नियमाने जोडलेले आहेत. त्यातला एखादा सर्व्हर कामगार संघटनाही चालवू शकते. युरोपीय संघाने २०२२ च्या कायद्याने बड्या कंपन्यांवर अशी जोडणी बंधनकारक केली. त्यानंतरच, नोव्हेंबर २०२५ मध्ये, मेटाने युरोपातील सदस्यांपुरते व्हॉट्सअ‍ॅपचे दार दोन छोट्या अ‍ॅपना उघडत असल्याचे जाहीर केले. मक्तेदार आपखुशीने दार उघडत नाही, हा त्याचा अर्थ.

झोहोचे संस्थापक श्रीधर वेंबू यांनीही निरोपाच्या सेवा यूपीआय आणि ई-मेलप्रमाणे परस्परांना जोडलेल्या असाव्यात, असे जाहीरपणे म्हटले आहे. या भूमिकेचे आम्ही स्वागत करतो. मात्र प्रत्यक्ष जोडणी होईपर्यंत ती घोषणाच राहील. शिवाय यूपीआयचा अनुभवही विसरता येत नाही. ते खुले आहे, तरी त्यातील सुमारे चार-पंचमांश व्यवहार दोनच कंपन्यांच्या अ‍ॅपमधून होत आले. एका कंपनीचा वाटा ३० टक्क्यांवर जाऊ नये ही मर्यादा २०२० साली ठरली, पण तिची मुदत २०२६ अखेरपर्यंत ढकलली गेली. म्हणजे खुले दार ही सुरुवात आहे. मक्तेदारीला लगाम घालायला कायदाच लागतो.

कामगाराच्या दृष्टीने प्रश्न केवळ निरोपांचा नाही. चेन्नईत किंवा पुण्यात घरपोच डबे पोचवणारा तरुण एका अ‍ॅपवर वर्षानुवर्षे चांगले रेटिंग कमावतो. कंपनी बदलली की तो पुन्हा शून्यावर! २०१४ मध्ये भविष्य निर्वाह निधीसाठी एकच कायम क्रमांक आला, तेव्हा नोकरी बदलणाऱ्या कामगाराचा केवढा त्रास वाचला, हे आपण पाहिले आहे. तोच न्याय कामाच्या नोंदीला का नको? तमिळनाडू सरकारने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापले. तेथे ही मागणी लावून धरता येईल. केंद्राच्या २०१९ च्या विधेयकात आपली माहिती दुसरीकडे नेण्याचा हक्क होता; २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यातून मात्र तो गळाला.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. एक, माहिती सोबत नेण्याचा हक्क कायद्यात परत आणावा. दोन, मोठ्या निरोप-सेवांना परस्परजोडणी सक्तीची करावी, आणि तीही निरोपाची गुप्तता न सोडता. तीन, जोडणीचे नियम ठरवताना कंपन्यांबरोबर कामगार संघटनांचेही प्रतिनिधी असावेत. तोवर प्रत्येक युनियनने सभासदांची यादी स्वतःच्या दप्तरी ठेवावी. ती कोणत्याही अ‍ॅपच्या भरवशावर सोडू नये.

याच चेन्नईत २७ एप्रिल १९१८ रोजी बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांच्या कामगारांनी मद्रास लेबर युनियन स्थापली. तिचे अध्यक्ष बी. पी. वाडिया मूळचे मुंबईचे. कामगारांना एकत्र बसायला मालकाच्या आवाराबाहेरची जागा हवी, हे तेव्हाच्या कामगारांना कोणी शिकवावे लागले नाही. आजची ती जागा फोनमध्ये आहे. तिची किल्ली आपल्याकडे असलीच पाहिजे.