क्वांट व्हायचंय मला!

गेल्या ऑक्टोबरमधे एका कन्सल्टंटकडे गेलो होतो. फायनान्शियल मॅथ्समधे मास्टर्स करायचंय म्हटल्यावर साहेबांनी एसओपीचा तयार सांगाडाच पुढे सरकवला. पहिलंच वाक्य, मला लहानपणापासून शेअर बाजाराचं आकर्षण आहे. अहो, आमच्या घरी शेअर आणि जुगार हे शब्द एकाच सुरात उच्चारले जायचे!

बरं, खोटेपणाचंही सोडा, रेझ्युमेत आपण सगळेच ते करतो. राग याचा आला की गणिताबद्दल कोणी चकार शब्द विचारला नाही. जीआरईत क्वांटला १७० काढा, बास. त्या पेपरात कॅल्क्युलससुद्धा नसतं राव, सगळं शाळेतलं! आणि तिकडे गेल्यावर ब्राउनियन मोशन आणि इटोचा लेमा. इंजिनिअरिंगच्या एम-थ्रीला लाप्लास ट्रान्सफॉर्म कसा केला होता आठवतंय? जुने पेपर आणि एका रात्रीत पाठ केलेली सूत्रं. निदान मी तरी तसाच पास झालो.

ब्लॅक-शोल्सचं सूत्र १९७३ चं आहे. त्यात आकडे घालायला एक्सेल पुरतं, त्यासाठी बाबांच्या फ्लॅटवर कर्ज कशाला काढायचं? ते सूत्र कुठून आलं आणि कुठे फसतं, हे कळणार असेल तर गोष्ट वेगळी.

म्हणून फॉर्म अर्धवट ठेवून दर वीकेंडला प्रोबॅबिलिटी पहिल्यापासून करतोय. मित्र म्हणतात, अशानं तिशी उलटेल. उलटू दे. काल आठ गणितं घेतली, पाच चुकली.