राजीनाम्याची घाई नको

स्मृतिभ्रंश म्हटला की ऐंशीच्या घरातील आजोबा आपल्या डोळ्यांपुढे येतात. जेवण झालेले विसरून पुन्हा ताट मागणारे. पण ज्या जर्मन डॉक्टरांच्या नावाने हा आजार ओळखला जातो त्या अलॉइस अल्झायमर यांची पहिली रुग्ण १९०१ साली फ्रँकफर्टच्या रुग्णालयात दाखल झाली तेव्हा अवघी ५१ वर्षांची होती. पासष्टीच्या आत सुरू होणारा अल्झायमर प्रमाणाने थोडा आढळतो, पण तो माणसाला ऐन नोकरीत गाठतो. मुलांची शिक्षणे चालू असतात, घराचे हप्ते फिटायचे असतात. म्हणून आज औषधांविषयी न लिहिता एका कागदाविषयी लिहितो. तो कागद म्हणजे राजीनामा.

माझ्याकडे येणाऱ्या अशा रुग्णांच्या घरची हकीकत बहुधा एकाच वळणाने जाते. कॅशियरचा हिशेब जुळेनासा होतो. गुरुजी तोच धडा सलग तीन दिवस शिकवतात. कार्यालयातून मेमो येतो, गावात दारूची कुजबुज सुरू होते. आजाराचे नाव कळेपर्यंत वर्ष-दोन वर्षे निघून जातात आणि कळल्यावर घरच्यांचा पहिला विचार असतो, अब्रूने बाहेर पडावे. साहेबही मायेने सांगतात, "स्वेच्छानिवृत्ती घ्या, चौकशी तरी टळेल." हा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी माझ्या मते तो अत्यंत घातक आहे.

दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ मधील कलम २०(४) असे सांगते की, सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्या कर्मचाऱ्यास शासकीय आस्थापनेला कामावरून काढता येत नाही, की त्याचा दर्जा कमी करता येत नाही. जुने काम झेपत नसेल तर त्याच वेतनश्रेणीत दुसरे काम द्यावे. तेही शक्य नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यांपैकी जे आधी येईल तोवर, त्याला अधिसंख्य पदावर ठेवावे. जिल्हा परिषद, महामंडळे, अनुदानित संस्था ह्याही या व्याख्येत येतात. आधीच्या, म्हणजे १९९५ च्या, कायद्यातही असेच कलम होते. त्याच आधारावर २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातील वीज मंडळाच्या एका अंध झालेल्या लाइनमनचा हक्क मान्य केला. या गृहस्थांनी स्वतःच निवृत्ती मागितली होती! त्यांना त्यांचे हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचे कर्तव्य होते, असे न्यायालयाने बजावले. तथापि प्रत्येकाने सर्वोच्च न्यायालयापर्यंत जायचे म्हटले तर घर विकावे लागेल. सही न करणे त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

आता दाखल्याकडे वळू. कायद्याच्या २१ प्रकारांत स्मृतिभ्रंशाचे वेगळे नाव नाही, त्यामुळे अर्ज भरताना लोक अडखळतात. मात्र 'मानसिक आजार' या प्रकाराच्या व्याख्येत स्मृती आणि दिशा-काळाचे भान यांतील गंभीर बिघाड स्पष्टपणे येतो. आमच्या मिस्टरांना वेडे ठरवू नका, असे एका बाईंनी मला हात जोडून सांगितले. हा फक्त अर्जातला रकाना आहे, त्याने माणूस वेडा ठरत नाही, हे मी त्यांना समजावले. स्वावलंबन पोर्टलवर अर्ज भरायचा आणि जिल्हा रुग्णालयात तपासणीला जायचे, असा हा मार्ग आहे. तत्पूर्वी बी-१२ ची कमतरता, थायरॉईडचे विकार व नैराश्य यांची तपासणी झालेली असावी, कारण या विकारांतही विसरायला होते आणि ते बरे होऊ शकतात.

खरी अडचण गुणांची आहे. मानसिक आजारासाठी 'आयडियाज' नावाची मापनपट्टी आहे. स्वतःची काळजी, माणसांशी संबंध, संवाद व आकलन आणि काम, अशा चार बाबींना शून्य ते चार गुण मिळतात. आजार किती वर्षांचा आहे याचे गुण त्यात मिळवतात. एकूण सात गुण झाले तर ४० टक्के, आणि बहुतेक लाभांची दारे तिथूनच उघडतात. आता आपला कॅशियर पाहा. काम पूर्ण बंद, म्हणजे चार. आजार दोन वर्षांच्या आतला, म्हणजे एक. अंघोळ स्वतः करतो, पाहुण्यांशी हसून बोलतो, तिथे शून्य. बेरीज पाच! नोकरी गेली, पण शासनाच्या लेखी माणूस पुरेसा आजारी नाही. वाढतच जाणाऱ्या आजाराला ही पट्टी अपुरी आहे आणि कमावत्या वयाच्या रुग्णांसाठी तिच्यात कामाच्या बाबीला जास्त वजन मिळायला हवे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तोवर काय करावे? अशा रुग्णाला स्वतःच्या चुकांची जाणीव नसते. दहा मिनिटे तो छान बोलतो आणि डॉक्टरांना "मला काही त्रास नाही" असे सांगतो. म्हणून सोबत पत्नी किंवा मुलगा हवाच, आणि घरी घडणाऱ्या गोष्टी तारखेसह लिहिलेली वही हवी. गॅस चालू राहिला, रोजच्या रस्त्यावर चुकले, दोनदा वीजबिल भरले, असे सारे त्यात यावे. मेमो लपवू नका, ते बोर्डापुढे ठेवा. तुमच्यावरचा तोच आरोप तिथे तुमचा पुरावा ठरतो. मानसिक दिव्यांगत्व असलेल्या कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई हा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो, हे २०२१ साली रवींदरकुमार धारीवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले आहे. टक्के कमी मिळाले तर कलम ५९ खाली अपील करता येते.

खासगी नोकरीत अधिसंख्य पदाचे संरक्षण नाही. तिथे भविष्यनिर्वाह निधीशी जोडलेली १९९५ ची कर्मचारी पेन्शन योजना पाहावी. नोकरीत असताना कायमचे व पूर्ण अपंगत्व आले तर दहा वर्षे भरलेली नसली तरी पेन्शन मिळते, एक महिन्याची वर्गणी पुरते. रक्कम मोठी नसते. पण अट 'नोकरीत असताना' अशी आहे, हे ध्यानात घ्या. अगदी अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी तहसील कार्यालयात संजय गांधी निराधार योजनेची चौकशी करावी.

कार्यालयाला पत्र लिहाल तेव्हा राजीनाम्याचा शब्द त्यात येऊ देऊ नका. आजाराचे नाव, तज्ज्ञांचा दाखला, रजेची विनंती आणि कलम २०(४) प्रमाणे पर्यायी काम, एवढेच लिहा. पत्र द्यायला घरातील कोणीतरी सोबत जावे आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेऊनच परत यावे.