तुरा बघून कोंबडी घ्या

इथे अमेरिकेत परसात कोंबड्या पाळायची हौस दांडगी. पण जुन्या, म्हणजे ‘हेरिटेज’ जातींची पिल्लं निवडताना लोक बघतात काय, तर अंड्याचा रंग! माझं ऐकाल तर आधी तुरा बघा. ओहायोच्या थंडीत उभा, मोठा तुरा हिमदंशाने काळा पडतो. म्हणूनच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या वॉरन गावच्या नेटी मेटकाफ बाईंनी काढलेली ‘बकआय’ मला आवडते. तुरा बुटका, डोक्याला चिकटलेला. ब्रॉयलर ६-८ आठवड्यांत कापायला तयार, हिला १६ तरी लागतात. लागू देत की! सावकाश वाढणाऱ्याचे पाय वजन पेलतात.

पिल्लांचे फाजील लाडही नकोत. पहिल्या आठवड्यात ९५ अंश फॅरनहाइट ऊब, पुढे दर आठवड्याला ५ अंश कमी. दिव्याखाली गठ्ठा करून चिवचिवली तर गारठलीत, लांब पळाली तर उकडतंय. थर्मामीटरपेक्षा पिल्लांवर विश्वास ठेवा (आम्हा इंजिनिअरांना हे जड जातं). अंगभर पिसं फुटली की दिवा काढाच.

गंमत म्हणजे, ब्रॉयलरच्या पूर्वजांत इंग्लंडची कॉर्निश आहे, आणि तिच्यात आपल्या झुंजार असीलचं रक्त. त्याच असीलच्या वंशजाला आज चार पावलं धड टाकवत नाहीत.