दाखला हरवतो, नोंद हरवत नाही

भाईंदर पूर्वेला खाडीच्या कडेने वसलेल्या जेसल पार्कमध्ये अशी घरे आहेत, जिथे आई-वडील इथे राहतात आणि मुले न्यू जर्सी, टोरांटो किंवा दुबईत. ग्रीन कार्डच्या शेवटच्या टप्प्याचा अर्ज भरायची वेळ आली, की तिकडून फोन येतो : माझा जन्म दाखला शोधा. कपाटातली फाइल खाली उतरते. शाळा सोडल्याचा दाखला निघतो, लसीकरणाचे पिवळे पडलेले कार्ड निघते, रेशन कार्डाची झेरॉक्स निघते. जन्म दाखला निघत नाही. मग सत्तरीचे वडील अधिकारपत्र आणि आधार कार्ड घेऊन नोंदणी कार्यालयाच्या खिडकीपुढे उभे राहतात. बहुतेकांच्या मनात एक अपराधी भाव असतो, की आपणच कागद नीट सांभाळला नाही. हा अपराधी भाव अनाठायी आहे. हरवला तो नोंदीचा उतारा. मूळ नोंद निबंधकाच्या वहीत आहे, आणि ती वही जपणे हे शासनाचे काम आहे. जन्म व मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार कोणालाही ठरलेले शुल्क भरून नोंदवहीत शोध घ्यायला लावता येतो आणि जन्माचे प्रमाणपत्र मागता येते. कायद्याने शोधण्याचे काम कार्यालयाकडे दिले आहे. प्रत्यक्षात मात्र कोणत्या गावच्या, कोणत्या वर्षाच्या, कोणत्या वहीत नोंद आहे ते नागरिकाने आधी शोधून आणायचे आणि मग कार्यालयाने पान उघडायचे, अशी उलटी रीत रुळली आहे. ती बदलली पाहिजे.

मीरा-भाईंदरसारख्या शहरात ही उलटी रीत फार महाग पडते. १९९१ च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या पावणेदोन लाख होती, २०११ मध्ये ती आठ लाखांच्या पुढे गेली. म्हणजे आज चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांपैकी बहुसंख्य लोक जन्माने इथले नाहीत. जन्माची नोंद होते ती जन्म जिथे झाला त्या ठिकाणी, कुटुंब जिथे राहते तिथे नव्हे. आणि आपल्याकडे पहिले बाळंतपण माहेरी. साताऱ्याच्या किंवा रत्नागिरीच्या एखाद्या गावात आजोळी जन्मलेल्या मुलाची नोंद त्या गावच्या ग्रामपंचायतीत राहिली आणि मूल सव्वा महिन्याचे होऊन आईबरोबर मुंबईला आले. चाळीस वर्षांनी आजी-आजोबा नाहीत, मामांचे घर बंद आहे, आणि प्रसूती घरी झाली की तालुक्याच्या दवाखान्यात हे सांगणारे कोणी उरलेले नाही. जे खरोखर इथेच, नवघर, खारी किंवा गोडदेवात जन्मले, त्यांचीही वाट सरळ नाही. १९८५ पर्यंत इथे ग्रामपंचायती होत्या, मग नगरपालिका आली, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महापालिका झाली. एका शहराच्या वह्या तीन कारभारांच्या हातातून गेल्या आहेत.

वही सापडली तरी प्रश्न संपत नाही. जुन्या नोंदवहीचे एखादे पान डोळ्यांसमोर आणा. तारीख आहे, लिंगाच्या रकान्यात ‘मुलगा’ आहे, वडिलांच्या नावाच्या जागी घरात हाक मारायचे ‘बाळू’ लिहिले आहे, आईचे नाव माहेरचे आहे, आणि बाळाच्या नावाचा रकाना कोरा आहे. यात कोणाची लबाडी नाही. नोंद २१ दिवसांत करायची असते. दवाखान्याने दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच कळवले तेव्हा बारसे व्हायचे होते. लग्नात आईचे नाव बदलले होते, पण तिच्या माहेरच्या गावात तिला जुन्याच नावाने ओळखत. हे सगळे आपल्याला न सांगता समजते. परदेशातल्या व्हिसा अधिकाऱ्याला ते समजण्याचे काही कारण नाही. त्याच्यासमोर पासपोर्टवर आईचे नाव सुनंदा आहे आणि दाखल्यात शकुंतला. त्याच्या लेखी या दोन वेगळ्या बायका. कायद्यात यावर उपाय आहेत. कलम १४ खाली नाव नोंदवता येते, कलम १५ खाली चूक दुरुस्त करता येते. पण नाव नोंदवायला सर्वसाधारणपणे पंधरा वर्षांची मर्यादा आहे, तिला वेळोवेळी मुदतवाढ द्यावी लागली आहे, आणि दुरुस्तीसाठी कोणते पुरावे पुरेसे मानायचे याची समज प्रत्येक कार्यालयात वेगळी दिसते.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो, की पासपोर्टावर जन्मतारीख असते, मग दाखल्याचा एवढा आग्रह कशाला? शिवाय परदेशातले भारतीय दूतावास पासपोर्टच्या आधारे जन्माचे प्रमाणपत्र देतातच. ते देतात, हे खरे. पण ते प्रमाणपत्र पासपोर्टमधून तयार होते, नोंदवहीतून नाही. जन्म कुठे झाला आणि आई-वडील कोण, याचा जन्माच्या वेळी लिहिलेला पुरावा त्यात नसतो, आणि कुटुंबावर आधारलेल्या व्हिसात नेमके नातेच सिद्ध करायचे असते. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपली अडचण माहीत आहे. १९६९ चा कायदा बहुतेक राज्यांत १ एप्रिल १९७० पासून लागू झाला, त्यामुळे त्याआधी जन्मलेल्यांचा दाखला मिळेलच असे नाही, हे ते मान्य करते. अशा वेळी नोंद उपलब्ध नसल्याचे सक्षम कार्यालयाचे पत्र, शाळेचे दाखले आणि जन्माची प्रत्यक्ष माहिती असलेल्या दोन व्यक्तींची प्रतिज्ञापत्रे चालतात. साखळीची पहिली कडी आहे ते पत्र, आणि तीच आपल्याकडे सर्वांत कच्ची. ‘नोंद आढळून येत नाही’ एवढ्या एका ओळीने काम भागत नाही. कोणत्या वर्षापासून कोणत्या वर्षापर्यंतच्या वह्या पाहिल्या, कोणाच्या नावाने पाहिल्या, त्या काळातली एखादी वही गहाळ किंवा जीर्ण आहे का, हे त्या पत्रात लिहिलेले हवे. अमेरिकेचे इमिग्रेशन खाते अपुऱ्या कागदांबद्दल विचारणा करते तेव्हा उत्तराला जास्तीत जास्त साधारण बारा आठवडे देते. त्या बारा आठवड्यांत गाव, तालुका आणि मंत्रालय अशी फेरी पूर्ण करायची म्हणजे घरातल्या एका माणसाने दुसरे काही करायचेच नाही.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो झटकून टाकता येणार नाही. मालेगाव आणि इतर ठिकाणी उशिरा केलेल्या जन्मनोंदींमधून खोटे दाखले दिल्याच्या तक्रारी झाल्या. जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे दाखले देण्यास स्थगिती दिली, चौकशी पथक नेमले, आणि मार्चमध्ये उशिराच्या नोंदीसाठी कडक कार्यपद्धती आणली. खोट्या दाखल्यांना पायबंद घातलाच पाहिजे. पण यात दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. वर्ष उलटल्यावर नव्याने नोंद करणे ही एक गोष्ट. तिथे संशय घेणे रास्त आहे. चाळीस वर्षांपूर्वी झालेल्या नोंदीची दुसरी प्रत देणे ही अगदी वेगळी गोष्ट. तिथे पान समोर असते, तपासायचे असते ते फक्त पान. पहिल्या प्रकाराची कडक नजर दुसऱ्या प्रकारच्या अर्जदारावर रोखली, तर प्रामाणिक माणूस कंटाळून स्टेशनबाहेरच्या एजंटाकडे जातो आणि खोट्याचा बाजार वाढतो. खोटेपणावर खरा उपाय वह्या बंद ठेवण्यात नाही, त्यांच्या प्रतिमा करून ठेवण्यात आहे. ज्या पानाची प्रतिमा एकदा साठवली गेली, त्या पानावर नंतर कोणी नवी ओळ घुसडू शकत नाही.

मग म्हणतात, एवढी माणसे आणि पैसा कुठून आणायचा? हा प्रश्न २०२३ पर्यंत तरी खरा वाटत होता. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आणि मराठा आरक्षणासाठीच्या कुणबी नोंदींच्या शोधात राज्यभरातल्या अभिलेख कक्षांची कुलपे उघडली. कोतवाल बुके, गाव नमुना १४ म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, मोडीतली पाने, सगळे बाहेर आले. मोडी वाचणारे शोधून आणले गेले. ५० लाखांच्या वर नोंदी सापडल्याचे सरकारने सांगितले आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर पानांच्या प्रतिमा चढल्या. आरक्षणाबद्दल कोणाचे मत काहीही असो, त्या महिन्यांनी एक गोष्ट कायमची सिद्ध केली : या वह्या आहेत, वाचता येतात, आणि ठरवले तर काही महिन्यांत उघडता येतात. ज्या यंत्रणेने ‘कुणबी’ या एका शब्दासाठी हे केले, तिने हजारो नागरिकांच्या नावांसाठी ते करायला नकार देणे योग्य नाही.

ही पाने सगळ्या जगासमोर मांडावीत असे माझे म्हणणे नाही. जन्मतारीख आणि आईचे नाव यांवरून आज बँका ग्राहकाची ओळख पडताळतात, तेव्हा खासगीपणाची काळजी हवीच. प्रतिमा कार्यालयात राहाव्यात. नागरिकासाठी सूची पुरेशी आहे. ती सूची मात्र केवळ बाळाच्या नावाने नको, कारण ते अनेकदा कोरेच असते. आईचे माहेरचे नाव, सासरचे नाव, गाव आणि वर्ष यांवरून शोध घेता आला पाहिजे. हे काम फक्त परदेशी गेलेल्यांच्या सोयीचेही नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच लागणार आहे. शाळाप्रवेशापासून मतदार यादीपर्यंत तोच कागद आधाराला घेतला जाईल, आणि आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नाही हे आता सर्वमान्य आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली जन्म दाखला ही मुदतीत द्यायची सेवा आहे. शोध घेऊनही नोंद न सापडल्याचे सविस्तर पत्रही त्याच यादीत, त्याच मुदतीच्या बंधनाने आले पाहिजे.

मीरा-भाईंदर महापालिकेने याची सुरुवात करावी. १९८५ पूर्वीच्या ग्रामपंचायतींच्या आणि २००२ पूर्वीच्या नगरपालिकेच्या जन्म नोंदवह्यांपैकी किती वह्या आज हाती आहेत, कोणत्या वर्षांच्या नाहीत आणि कितींच्या प्रतिमा झाल्या आहेत, याची यादी प्रभाग कार्यालयांत लावावी आणि उरलेल्या कामासाठी येत्या अंदाजपत्रकात तरतूद करावी. आणि वाचकांना एक विनंती : घरातले वडीलधारे आहेत तोवर त्यांना विचारून ठेवा, की आपला जन्म कोणत्या गावी, कोणत्या दवाखान्यात झाला आणि तेव्हा आईचे नाव काय लिहिले होते.