रायफली किती न्याव्यात?

राष्ट्रीय छात्रसेनेच्या वर्षात कवायत पुष्कळ असते, भाषणेही पुष्कळ असतात. गोळीबाराच्या सरावाचा दिवस मात्र क्वचितच उगवतो. त्यामुळे तो जवळ आला की आम्हा कॅडेट मंडळींत एक चर्चा हमखास रंगते. या वेळी फायरिंगला रायफली किती न्यायच्या? बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. शस्त्रागारात, ज्याला आम्ही कोत म्हणतो, जितक्या चालू रायफली असतील तितक्या सगळ्या न्याव्यात. म्हणजे रांग भराभर पुढे सरकेल आणि उन्हाच्या आत सगळे मोकळे होतील. मी या मताची नाही. ते का, हे विद्यार्थी मित्रमैत्रिणींपुढे आणि गुरुजनांपुढे मांडावे म्हणून हा लेखप्रपंच.

ज्यांनी खाकी गणवेश घातलेला नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती देते. पं. हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली १९४६ साली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींतून १९४८ च्या कायद्याने एन.सी.सी. स्थापन झाली. चीनशी झालेल्या युद्धानंतर १९६३ मध्ये ती महाविद्यालयांत सक्तीची झाली आणि १९६८ मध्ये पुन्हा ऐच्छिक झाली. आज जो कॅडेट पहाटे मैदानावर येतो तो आपल्या मर्जीने येतो. आपल्याच महाविद्यालयांतले प्राध्यापक नागपूरजवळच्या कामठीला अधिकारी प्रशिक्षण अकादमीत जाऊन शिक्षण घेतात आणि मग आमचे अधिकारी होतात. सरावासाठी आमच्या हाती येते ती पॉइंट टू टू रायफल. लक्ष्य पंचवीस मीटरच्या आसपास असते, जमिनीवर पालथे पडून नेम धरायचा असतो आणि एकेकाच्या वाट्याला बहुधा पाच गोळ्या येतात. एका वेळी जितके जण गोळ्या झाडतात त्या तुकडीला आम्ही ‘डिटेल’ म्हणतो.

आता साधा हिशेब करू. साठ कॅडेट आहेत असे धरा. चार रायफली नेल्या तर पंधरा डिटेल होतील, आठ नेल्या तर आठ. चार जणांच्या डिटेलला आठ मिनिटे लागतात असे मानले तर दोन तासांत काम आटोपते. आठ जणांच्या डिटेलला तेवढ्याच मिनिटांत उरकता येत नाही. आठ जणांना झोपवायचे, आठ मॅगझिन द्यायची, आठ रायफली रिकाम्या झाल्याची खात्री करायची, आठ कागद तपासायचे. दहा मिनिटे तरी हवीतच. म्हणजे ऐंशी मिनिटे झाली. दुप्पट रायफली नेऊन वाचली किती, तर चाळीस मिनिटे. आणि गोळ्या? त्या तीनशेच्या तीनशेच राहिल्या. रायफली वाढल्या म्हणून कोणाच्या वाट्याला सहावी गोळी येत नाही. सरावाचा मोठेपणा रायफलींच्या संख्येवर मोजण्याची आपली सवय इथेच फसते.

त्या चाळीस मिनिटांची किंमत काय द्यावी लागते तेही पाहू. पॉइंट टू टू म्हणजे पोरखेळ, असे समजणारे पुष्कळ आहेत. लक्ष्य जवळ असते, गोळी इवलीशी असते आणि खांद्याला धक्काही जेमतेम बसतो. पण मोकळ्या वाटेने सुटलेली हीच गोळी एक किलोमीटरच्याही पलीकडे जाऊ शकते. आयुष्यात पहिल्यांदा रायफल हाती घेतलेला मुलगा किंवा मुलगी काय करते ते मी जवळून पाहिले आहे. गोळी सुटली नाही की ती रायफलीसकट मागे वळते आणि ‘उस्ताद, चलत नाही’ असे सांगू लागते. त्या एका क्षणी नळी कुठे वळली आहे हे पाहणारा कोणीतरी तिच्या पाठीशीच उभा असला पाहिजे. दहा पावलांवरून दोघातिघांवर नजर ठेवणारा तिथे वेळेवर पोहोचत नाही.

शिवाय रायफलीचे काम फायरिंग पॉइंटपुरतेच नसते. कोतातून ती नंबर पाहून, सही करून घ्यावी लागते, गाडीत तिच्याजवळ पहारा ठेवावा लागतो, परत आल्यावर पुसून, तेल देऊन, मोजून जमा करावी लागते. झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्यासुद्धा एकेक मोजून द्याव्या लागतात. बरोबर नेलेली प्रत्येक जादा रायफल एका माणसाचे लक्ष खाते, आणि ते लक्ष शिकाऊ कॅडेटच्या वाट्यातून वजा होते.

म्हणून माझे म्हणणे असे, की आधी जाणत्या नजरा मोजाव्यात, मग रायफली मोजाव्यात. त्या दिवशी शिकवणारे उस्ताद आणि अधिकारी मिळून जितके जण फायररच्या मागे उभे राहू शकतील तितक्याच रायफली मैदानात उतराव्यात. चार असतील तर चार, तीन असतील तर तीन. रेंजवर आठ जागा आखलेल्या आहेत म्हणून आठ भरल्याच पाहिजेत असा काही नियम नाही.

दुसरे कारण शिकण्याचे आहे. नवशिक्याचे पहिले काम लक्ष्याच्या मधोमध गोळी मारणे हे नसते; पाचही गोळ्या एकमेकींच्या जवळ पाडणे हे असते. याला ग्रुपिंग म्हणतात. पाची छिद्रे डावीकडे, पण दाटीने पडली असतील तर श्वास, नेम आणि ट्रिगरवरचे बोट यांची शिस्त जमली असे समजावे. दोष बहुधा रायफलीच्या माशीत असतो. छिद्रे चहूकडे विखुरली असतील तर प्रश्न बहुधा आपला असतो. रायफली थोड्या असल्या की कोणती रायफल कुठे मारते हे उस्तादांना दोन-तीन डिटेलमध्येच कळते आणि पुढच्या प्रत्येकाला ते नेमके सांगू शकतात. आठ-दहा रायफलींची सरमिसळ झाली की कोणाच्या कागदावर कोणती रायफल बोलली हेच समजत नाही. मग चुकलेला प्रत्येक जण रायफलीला दोष देत परत येतो आणि काही शिकत नाही.

यावर कोणी म्हणेल, एखादी रायफल बिघडली तर? हा आक्षेप खरा आहे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरचे पिस्तूल ऐन पात्रता फेरीत बिघडले, मोलाची मिनिटे गेली आणि तिची अंतिम फेरी थोडक्यात हुकली. यंत्र म्हटले की बिघाड आलाच. त्यासाठी एक राखीव रायफल जरूर न्यावी. पण ती रांगेतल्या कोणाच्या हाती न देता, बोल्ट काढून, उस्तादांच्या ताब्यात ठेवावी. एक म्हणजे एकच. राखीव म्हणून चार नेल्या की त्या राखीव राहत नाहीत. घाई झाली की त्याच मैदानात उतरतात.

दुसरा आक्षेप मला अधिक जवळचा आहे. रायफली कमी म्हणजे रांग लांब, आणि लांब रांगेत शेवटी कोण उभे असते? एका शिबिरात मी पाहिले, मुलांचे सगळे डिटेल आधी झाले. आम्हा मुलींची पाळी येईपर्यंत ऊन चढले, गाडीची वेळ झाली आणि पाचाऐवजी तीन गोळ्यांवर आमची बोळवण झाली. हा अन्याय होता, पण तो रायफली कमी असल्यामुळे झाला नव्हता, क्रम लावणाऱ्यामुळे झाला होता. आठ रायफली असत्या तरी शेवटचे डिटेल आमचेच असते. त्यावर उपाय सोपा आहे. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवावा आणि प्रत्येकाच्या पाच गोळ्या आधीच वेगळ्या मोजून ठेवाव्यात. ज्या मुंबईच्या अंजली वेदपाठकला, म्हणजे पुढच्या अंजली भागवतला, नेमबाजीची ओळख एन.सी.सी.मध्येच झाली, तिच्यासारखी एखादी मुलगी आपल्याही रांगेच्या शेवटी उभी असेल. तिला तीन गोळ्यांवर परत पाठवणे आपल्याला परवडणारे नाही.

अधिक शस्त्रे म्हणजे अधिक नेमबाजी, हा समज कायद्यानेही मानलेला नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात १९८३ साली एका व्यक्तीला तीनच बंदुका बाळगता येतील अशी मर्यादा घातली गेली आणि २०१९ मध्ये ती दोनवर आली. मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला पॉइंट टू टू किंवा एअर रायफलने सराव करण्यासाठी त्या मर्यादेतून सूट आहे, म्हणजे खेळाची अडवणूकही केलेली नाही. आणि खेळाचे म्हणाल तर कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला कांस्यपदक मिळवले ते पन्नास मीटर थ्री पोझिशन प्रकारात. गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून, अशा तीन तऱ्हांनी नेम साधायचा असतो, आणि त्या तिन्हींना रायफल एकच असते.

तेव्हा पुढच्या सरावाची आखणी करताना आमच्या अधिकारी प्राध्यापकांनी कोताची यादी मागवण्याआधी उस्तादांची यादी मागवावी, अशी माझी नम्र सूचना आहे. जितके उस्ताद तितक्या रायफली आणि वर एक राखीव. वाट पाहणाऱ्यांनी गप्पा मारीत बसण्याऐवजी रेंजपासून दूर, ज्यांतून गोळी सुटूच शकत नाही अशा कवायतीच्या रायफलींवर नेम धरण्याचा आणि श्वास रोखण्याचा सराव करावा. दोन तासांचा सराव दोन तास चालू द्यावा. पाच गोळ्यांसाठी आम्ही वर्षभर थांबतो. आणखी चाळीस मिनिटे थांबायला आमची काहीच हरकत नाही.