बंधुप्रेमाचें नगर आणि आपण

कोणत्याहि नगराची थोरवी त्यांतील मनोऱ्यांवरून मोजावी कीं त्यांतील सर्वांत दुबळ्या रहिवाशाच्या स्थितीवरून मोजावी, हा प्रश्न वरवर पाहतां निबंधाच्या वहींतच शोभणारा वाटतो. परंतु गेल्या पावसाळ्यांत वरच्या वर्गांतील तलासरीकडील एका विद्यार्थ्यानें तो मला निराळ्याच शब्दांत विचारला. अमेरिकेंतील फिलाडेल्फिया या शहराचा पाठ चालला होता. १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा व १७८७ ची राज्यघटना हीं दोन्ही या एकाच नगरांत सिद्ध झालीं, हें मी फळ्यावर लिहून पुरें केलें, तोंच तो उभा राहिला व म्हणाला, “मास्तर, हे सगळे लोक तर तेथें बाहेरून आले. मग आधीं जे राहत होते ते कोठें गेले?” पाठ्यपुस्तकांत याचें उत्तर नव्हतें, आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं माझ्याजवळहि तें पुरतें नव्हतें. त्या मुलाचें देणें या लेखानें फेडीत आहें.

सातां समुद्रांपलीकडील शहराशीं डहाणूच्या मुलांना काय कर्तव्य आहे, असें कोणी विचारील. त्याला एक उत्तर असें कीं, आपला या नगराशीं संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. ज्या ब्रदरेन मंडळीच्या मिशननें डहाणूस दवाखाना व शाळा चालविल्या, त्या मंडळीची अमेरिकेंतील पहिली शाखा १७२३ सालच्या नाताळच्या दिवशीं फिलाडेल्फियालगतच्या जर्मनटाउन या वस्तींत स्थापन झाली. स्वदेशांत धर्ममतांसाठीं छळ सोसलेले हे जर्मन लोक आश्रयार्थ तेथें आले होते. त्यांच्याच परंपरेंतील पहिले तिघे मिशनरी १८९४ सालीं मुंबईच्या बंदरास लागले व पुढें तें कार्य बलसारहून डहाणूपर्यंत आलें.

दुसरा धागा याहून विलक्षण आहे. इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस यास मुंबई बेट पोर्तुगीज राजकन्येशीं झालेल्या विवाहाच्या तहांत मिळालें. तें त्यानें १६६८ सालीं वर्षाला दहा पौंड खंडावर ईस्ट इंडिया कंपनीच्या हवालीं केलें. याच राजानें १६८१ सालीं, एका दर्यासारंगाचें सोळा हजार पौंड कर्ज फिटावें म्हणून, अमेरिकेंतील एक अफाट प्रदेश त्याच्या मुलाच्या, म्हणजे विल्यम पेनच्या, नांवें करून दिला. तेरा वर्षांच्या अंतरानें एकाच राजाच्या सहीनें दोन भूमींचे धनी बदलले. मुंबईच्या कोळ्यांना कोणी विचारलें नाहीं; डेलावेअर नदीकांठच्या लेनापे लोकांनाहि कोणी विचारलें नाहीं.

तथापि पेन हा मनुष्य सामान्य नव्हता. तो क्वेकर पंथाचा. स्वतः तुरुंगवास भोगलेला. आपल्या नव्या नगरास त्यानें ग्रीक भाषेंतील ‘बंधुप्रेम’ या अर्थाचें नांव दिलें. कोणासहि त्याच्या उपासनेबद्दल छळूं नये असा निर्बंध केला. आणि राजाची सनद हातीं असतांहि लेनापे लोकांना मोबदला देऊन त्यांच्याकडून जमीन विकत घेतली. पण १७१८ सालीं तो वारला, आणि त्याच्या मुलांच्या अंगीं बापाची सचोटी उतरली नाहीं. त्यांनीं १६८६ सालचा म्हणून एक जुना कागद पुढें केला. एक मनुष्य दीड दिवसांत जितकें चालेल तितकी जमीन पेनच्या घराण्यास द्यावी, असा त्याचा अर्थ लावण्यांत आला. लेनापेंना वाटलें, मनुष्य चालेल म्हणजे वाटेंत बसेल, जेवील, तंबाखू ओढील. परंतु १७३७ सालीं पेनच्या मुलांनीं आधींच रानांतून वाट साफ करून घेतली व तीन तरबेज चालणारे पगारीं ठेवून पुढें सोडले. दोघे वाटेंत थकून पडले. तिसरा साठांहून अधिक मैल गेला. सुमारे १२०० चौरस मैलांची भूमि अशा रीतीनें दीड दिवसांत परक्याची झाली. आज लेनापेंचे वंशज मुख्यतः ओक्लाहोमा, विस्कॉन्सिन व कॅनडांतील ऑंटेरिओ येथें आहेत. त्यांच्यापैकीं एका राष्ट्रानें या व्यवहाराविरुद्ध २००४ सालीं दावा लावला. तो न्यायालयांत टिकला नाहीं. बाळा, ते कोठें गेले याचें उत्तर हें असें आहे.

आतां मागाहून आलेल्यांकडे वळूं. १६८८ सालीं जर्मनटाउनमधील चौघां गृहस्थांनीं गुलामगिरीचा लेखी निषेध केला. अमेरिकेंतील इंग्रजी वसाहतींतला या प्रकारचा तो पहिलाच लेख होय. त्या वेळीं खुद्द पेनहि गुलाम बाळगीत असे. पुढें स्वतंत्र झालेल्या निग्रो बांधवांनीं रिचर्ड अॅलन व अॅब्सलम जोन्स यांच्या पुढाकारानें १७८७ सालीं आपली साहाय्यक संस्था उभारली. १७९३ सालीं पीतज्वराची सांथ येऊन नगरांत सुमारें पांच हजार माणसें मेलीं. धनिक लोक गांव सोडून गेले असतां याच संस्थेच्या लोकांनीं आजाऱ्यांची शुश्रूषा केली व प्रेतें पुरलीं. सांथ ओसरल्यावर त्यांच्यावरच पैसे उकळल्याचा आरोप छापून आला. त्याला अॅलन व जोन्स यांनीं १७९४ सालीं छापील पुस्तिकेनेंच सडेतोड उत्तर दिलें. त्याच वर्षीं अॅलन यांनीं आपल्या समाजासाठीं स्वतंत्र देवालय उघडलें. कारण जुन्या देवालयांत प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या त्यांच्या बांधवांना ओढून उठविण्यांत आलें होतें. पुढें १८३८ सालीं गुलामगिरीच्या विरोधकांचें नवें सभागृह उघडल्यास चार दिवसहि झाले नाहींत तोंच जमावानें जाळून टाकलें. आणि १८४४ सालीं आयरिश रोमन कॅथलिकांच्या द्वेषानें देवालयांस आगी लावण्यांत आल्या.

याच नगरांत १८५० सालीं स्त्रियांसाठीं वैद्यकीय महाविद्यालय निघालें. तेथेंच ११ मार्च १८८६ रोजीं आपल्या जुन्या ठाणें जिल्ह्यांतील कल्याणच्या घराण्यांतील आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. तो समारंभ पाहावयास पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या. त्यांनीं १८८९ सालीं मराठींत प्रसिद्ध केलेल्या अमेरिकेच्या वृत्तांतांत तेथील उद्योगाची व स्त्रीशिक्षणाची मनापासून वाखाणणी केली आहे. परंतु तेथील मूळ रहिवाशांवर व कृष्णवर्णीयांवर झालेल्या अन्यायाकडे डोळेझांक केलेली नाहीं. उपकाराचें ओझें असतांहि खरें बोलतां येतें, हा धडा मीं त्यांच्यापासून घेतला.

यावर कोणी म्हणेल, तर मग ‘बंधुप्रेम’ हें नुसतें ढोंगच ठरलें. मला तसें वाटत नाहीं. नांव मोठें ठेवल्यानें नगर पवित्र होत नाहीं, हें खरें. पण तें नांव त्याच्या गळ्यांत एखाद्या मापासारखें अडकून राहतें. जर्मनटाउनच्या चौघांनीं तेंच माप क्वेकरांपुढें धरिलें, आणि अठ्ठ्याऐंशीं वर्षांनीं, १७७६ सालीं, फिलाडेल्फियाच्या क्वेकर मंडळीनें आपल्या सभासदांस गुलाम बाळगण्याची मनाई केली. आज, २०२० च्या शिरगणतीप्रमाणें, सुमारें सोळा लाखांच्या त्या नगरांत कोणत्याहि एका वंशाच्या लोकांचें बहुमत नाहीं. दोष मान्य करणाऱ्या समाजालाच सुधारणा शक्य होते. जो आपला इतिहास फक्त घंटा व मनोरे यांचाच सांगतो, त्याला ती शक्य होत नाहीं.

आणि आतां आपल्या दाराशीं येऊं. आपल्या किनाऱ्यालाहि आश्रयार्थी आले. येथून जवळच्या संजाणास पारशी उतरले. संकटकाळीं त्यांचा पवित्र अग्नि आपल्या बाहरोटच्या डोंगरांतील गुहेंत राहिला. मागाहून इराणी आले, त्यांनीं चिकूच्या बागा वाढविल्या, गुजराती व्यापारी आले, मिशनरी आले. प्रत्येकानें या भूमीस कांहीं दिलें, हें कृतज्ञतेनें म्हटलें पाहिजे. परंतु वारली, कोकणा, दुबळा या आधींच्या रहिवाशांचें काय झालें? कर्ज, कागद व अंगठा या तीन पावलांनीं त्यांची जमीन गेली व ते आपल्याच शेतांत वेठबिगार झाले. सायमिंग्टन या सरकारी अधिकाऱ्यानें १९३९ च्या सुमारास हें सर्व आपल्या अहवालांत नमूद केलें. १९४५ च्या मे महिन्यांत तलासरीनजीक झरी येथें हजारों वारली जमले, वेठ नाकारली, आणि त्याच वर्षीं ऑक्टोबरांत तलवाड्यास गोळीबारांत प्राण दिले. पुढें १९७४ सालीं आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा झाला व २००६ सालीं वनहक्कांचा. कायदा झाला, पण ज्याला तो वाचतां येत नाहीं, त्याच्यापुरता तो पेटींत बंद असलेल्या दिव्यासारखा आहे.

आज पुन्हा मोजणीचे दिवस आले आहेत. द्रुतगति रेल्वे, रुंद रस्ते, आणि २०२४ सालीं मंजूर झालेलें वाढवणचें प्रचंड बंदर. मच्छीमार बांधवांचा त्यास विरोध आहे. इतरांस त्यांत रोजगार दिसतो. या वादाचा निकाल शाळेच्या वार्षिकांत लागावयाचा नाहीं. परंतु एक गोष्ट मी निश्चयानें म्हणेन: जमीन व समुद्र मोजणारा चालतो आहे कीं धांवतो आहे, हें पाहण्याचा हक्क तेथें राहणाऱ्याला असला पाहिजे, आणि कागद त्याला समजेल अशा भाषेंत, त्याच्या समक्ष वाचला गेला पाहिजे.

विद्यार्थिबंधुभगिनींनो, तुमच्यापैकीं कित्येक जण रोजच्या गाडीनें मुंबईस नोकरीला जातील, एखादा फिलाडेल्फियासहि जाईल. जेथें जाल तेथें तुम्ही मागाहून आलेले व्हाल. तेथील आधींच्या माणसाची आठवण ठेवा. जे येथेंच राहतील, त्यांनीं घरांतील वडील माणसांचा अंगठा कोणत्याहि कागदावर उठण्यापूर्वीं तो कागद स्वतः वाचून दाखवावा. शिक्षणाचें याहून सार्थक दुसरें मला दिसत नाहीं. आणि ज्या मुलानें तो प्रश्न विचारला त्यास एवढेंच सांगतों कीं, पुढच्या वर्षीं हा पाठ मी तुझ्या प्रश्नापासून सुरू करणार आहें.